शेतात भरीत पार्टी आहे, विस्तवाची काय काळजी घ्यावी?

पुण्याची_भाची
रविवारी यावलकडे मामांच्या शेतात भरीत पार्टी ठरलीय. ऑफिसची मंडळी येणार, सोबत लहान पोरं. मामा म्हणतात, "काट्यांवर (कपाशीच्या वाळल्या खोडांवर) वांगी भाजायला काय अक्कल लागते?" पण यातल्या कोणी साधी चूलही पेटवलेली नाही. शेजारी केळीची बाग, बांधावर कडब्याची गंजी. काय बघू?

बांधावरचा_नाना
ताई, मामांचं बरोबर आहे, पण वारा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. कपाशीच्या वाळल्या काट्या भसकन पेटतात, ठिणग्या लांब जातात. गंजीपासून दूर, नांगरलेल्या वावरात जागा धरा. वारा गंजीकडून जाळाकडे यायला पाहिजे, उलटा नको. केळीची वाळली पानं झाडून घ्या, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवा.

आणि आधी मान वर करून झाड बघा! आग्यामोहोळ असलं तर तिथे धूर करायचाच नाही. एकदा माश्या उठल्या की पार्टी राहते बाजूला, पळता भुई थोडी होते.

वांग्यांना सुरीने टोचे मारा. नाहीतर आत वाफ कोंडून वांगं फुटतं, गर अंगावर उडतो आणि चिकटून बसतो.

जळगावकर९
काट्या दमट असल्या तर थोडं पेट्रोल चालेल का?

बांधावरचा_नाना
अजिबात नाही भाऊ. पेट्रोलची वाफच पेट घेते, भडका थेट हातावर येतो. दमट काट्या सोडा, कोरड्या आणा.

पुण्याची_भाची
पाणी विहिरीचं आहेच. कोणाला भाजलं तर? नायलॉनची ओढणी चालेल?

बांधावरचा_नाना
विहीर आहे, पण लाईटचं काय? वीज असतानाच मोटार चालवून टाकी भरून घ्या. भाजलं तर 20 मिनिटं गार वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. फोड मोठे असले की दवाखाना, गाडीसाठी 108. ओढणी घरी, सुती कपडे घाला.

निघताना राख पांढरी दिसली म्हणून फसू नका. पाणी टाका, काठीने ढवळा, परत पाणी टाका. थंडी वाजते म्हणून निखारे शेतातल्या खोलीत नेऊन दार लावू नका, निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साईड) वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या मात्र घरूनच तळून न्या. वाऱ्यात तेलाची कढई आणि भोवती पोरं, नकोच ते.