गॅस कटिंग सेटमधील ऑक्सिजनची गळती कशी शोधावी आणि कोणती दुरुस्ती स्वतः करावी?

प्रश्न : कुपवाड फॅब्रिकेशन

नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचे गेट, ग्रिल आणि शेडच्या कामाचे छोटे वर्कशॉप आहे. कटिंगसाठी आम्ही ऑक्सिजन आणि एलपीजीचा सेट वापरतो. ऑक्सिजनचा सिलिंडर नेहमीचा मोठा, ७ घनमीटरचा आहे. गेल्या काही दिवसांपासून सिलिंडर अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. काल संध्याकाळी काम थांबवताना गेजवर साधारण १०० किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब होता आणि आज सकाळी तो ७५ च्या आसपास आला होता. रात्री टॉर्चचे (ज्योतीने कापण्याच्या हत्याराचे) दोन्ही वॉल्व्ह बंद होते, परंतु सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा राहिला होता. ऑक्सिजनला वास नाही आणि दिवसा ग्राइंडरच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही, त्यामुळे गळती कोठे आहे हे समजत नाही.

एका कारागिराचे म्हणणे आहे की रेग्युलेटरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून वर थोडे ग्रीस लावावे. दुसऱ्याने जोडाजवळ काडी पेटवून पाहण्याचा सल्ला दिला. मी दोन्ही गोष्टी होऊ दिलेल्या नाहीत आणि सध्या कटिंगचे काम थांबवले आहे. गळती सुरक्षितपणे कशी शोधावी, त्यातील कोणती दुरुस्ती आम्ही करावी आणि कोणती पुरवठादाराकडे सोपवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : जुना मेंटेनन्स फिटर

आपण काम थांबवलेत हे फार चांगले केलेत. काडीचा आणि ग्रीसचा विचार कायमचा सोडून द्यावा आणि कारागिरांनाही त्यामागचे कारण समजावून सांगावे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो असा जोर देतो की एरवी निरुपद्रवी वाटणारा तेलाचा डागही उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठिणगीशिवाय पेटू शकतो. वॉल्व्ह झटक्यात उघडला की रेग्युलेटरच्या तोंडाशी वायू एकदम दाबला जातो, त्या दाबण्याने तेथील तापमान क्षणात प्रचंड वाढते, आणि त्या ठिकाणी ग्रीस, तेल किंवा रबराचा तुकडा असेल तर आग रेग्युलेटरच्या आतच लागते आणि पितळही वितळू शकते. म्हणून या सेटला हात लावताना हात, पाना, कापड आणि हातमोजे या सर्वांवर तेलाचा अंशही नसावा.

टेफ्लॉन टेपचे कारण वेगळे आहे. सिलिंडरला रेग्युलेटर जोडतो तेथे वायू आट्यांवर अडत नाही, तो बुलनोजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या टोकाच्या, गोल नाकावर आणि वॉल्व्हच्या आतील बैठकीवर अडतो. आटे केवळ ते नाक बैठकीवर दाबून धरण्याचे काम करतात. त्यामुळे टेपने गळती थांबत नाही, उलट टेपचे तुकडे सुटून रेग्युलेटरच्या आत जातात आणि तेथील सीट (वायू अडवणारी बैठक) खराब करतात.

आता शोधाकडे वळू. साबणाच्या पाण्याआधी गेजकडून माहिती घ्यावी, कारण गळती सेटच्या कोणत्या भागात आहे हे दोन काटे बरेच स्पष्ट सांगतात. टॉर्चचे वॉल्व्ह बंद ठेवून रेग्युलेटरचा टी-स्क्रू (कामाचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू) पूर्ण सैल करावा, रेग्युलेटरच्या समोर किंवा मागे उभे न राहता बाजूला उभे राहून सिलिंडरचा वॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा, आणि टी-स्क्रू आवळून कामाचा दाब २ किलोपर्यंत आणावा. नंतर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करून टी-स्क्रू अर्धा फेरा उलट फिरवावा, म्हणजे रेग्युलेटरच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटतात. दोन्ही काट्यांच्या जागा खडूने टिपून निदान दहा मिनिटे थांबावे.

सिलिंडरच्या दाबाचा काटा उतरला तर दोष सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधील जोडात, गेजच्या जोडात किंवा वॉल्व्हच्या स्पिंडलपाशी (चावीने फिरणाऱ्या दांड्यापाशी) आहे. कामाच्या दाबाचा काटा उतरला तर दोष रेग्युलेटरच्या पुढे, म्हणजे होज (रबरी नळी), क्लिपा किंवा टॉर्चच्या वॉल्व्हमध्ये आहे. सिलिंडरकडील काटा उतरत असताना कामाचा काटा वर चढत असेल, तर रेग्युलेटरची आतील सीट धरत नाही. असा रेग्युलेटर एक दिवसही वापरू नये आणि स्वतः उघडूही नये. वॉल्व्ह बंद असताना सेटमध्ये अडकलेला वायू फारच थोडा असतो, म्हणून अगदी बारीक गळतीनेही काटा लवकर हलतो. ही चाचणी इतकी संवेदनशील आहे ती त्यामुळेच. मात्र ती उन्हात घेऊ नये, कारण होज तापला किंवा थंड झाला तरी काटा सरकतो.

आपल्या आकड्यांबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संध्याकाळी शेडमध्ये ३५ अंश आणि पहाटे २२ अंश तापमान असेल, तर काहीही न गळता १०० किलोचे सुमारे ९६ होतात. उरलेली २० किलोंहून अधिक घट मात्र खरी गळती आहे. सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे ४७ लिटर धरली तर एका रात्रीत जवळजवळ १ घनमीटर ऑक्सिजन आपल्या शेडमध्ये गेला.

भाग कळल्यावर नेमकी जागा शोधण्यासाठी, सिलिंडरचा वॉल्व्ह पुन्हा सावकाश उघडून, त्या भागातील प्रत्येक जोडावर द्रावण लावावे. येथे कपड्याचा किंवा अंगाचा साबण वापरू नये, कारण तो तेल आणि चरबीपासूनच बनतो. ऑक्सिजनसाठी योग्य असे छापलेले गळतीशोधक द्रावण गॅस साहित्याच्या दुकानात मिळते, तेच घ्यावे. त्यात अमोनिया नसावा, कारण अमोनियाने ताणाखालील पितळाला तडे जातात. ब्रश नवा आणि स्वच्छ असावा, रंगकामाचा नसावा. घाई न करता प्रत्येक जोडाकडे मिनिटभर पाहावे, कारण लहान गळतीचा फेस सावकाश जमतो. तपासणी झाल्यावर ओल्या स्वच्छ कापडाने द्रावण पुसून जोड कोरडे करावेत.

बुडबुडे दिसताच पाना लावून आवळण्याचा मोह होतो, तो आवरावा. दाबाखाली असलेला जोड कधीही आवळू नये. सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करावा, टॉर्चचा ऑक्सिजन वॉल्व्ह उघडून दोन्ही काटे शून्यावर आणावेत, टी-स्क्रू सैल करावा, आणि त्यानंतरच पाना हातात घ्यावा. जोड योग्य मापाच्या पान्याने बेताने आवळून पुन्हा तपासावा. तरीही गळत असेल तर पान्याला पाइप लावून जोर वाढवू नये, जोड उघडून पाहावा. बुलनोजवर चरा, खड्डा किंवा कचरा आहे का, ओ-रिंग (जोडातील गोल रबरी कडी) असल्यास ती कापलेली किंवा चपटी झाली आहे का, हे उजेडात तपासावे. ओ-रिंग त्याच रेग्युलेटरच्या उत्पादकाची, ऑक्सिजनसाठी असलेलीच घ्यावी. हायड्रॉलिकच्या दुकानातील मापाने जुळणारी रिंग येथे चालत नाही. बुलनोजलाच चरा पडला असेल तर तो कानशीने घासू नये, भाग बदलून घ्यावा.

रेग्युलेटर परत बसवण्यापूर्वी, तोंडासमोर कोणी नाही आणि जवळपास ज्योत किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या नाहीत याची खात्री करून, सिलिंडरचा वॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करावा, म्हणजे बैठकीवरील धूळ उडून जाते.

उत्तर २ : गॅस वेल्डिंग प्रशिक्षक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रेग्युलेटरच्या पुढच्या भागाबद्दल थोडी भर घालतो, कारण लहान वर्कशॉपमध्ये सर्वाधिक दुर्लक्ष तेथेच होते.

होज निपलवर (ज्या टोकावर होज चढवतात त्यावर) बसवून त्यावर बांधणीची तार पिळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती तार रबरात रुतते, रबर तेथेच चिरते, आणि चीर तारेखाली झाकली गेल्यामुळे दिसत नाही. योग्य क्लिप किंवा दाबून बसवलेली फेरूल (धातूची कडी) हाच उपाय आहे. टोकाशी चिरलेला होज असल्यास खराब भाग कापून टाकून चांगल्या रबरावर नव्याने जोड करावा, परंतु मधोमध भाजलेला, फुगलेला किंवा दुमडून तडकलेला होज बदलावाच. इन्सुलेशन टेप ही त्याची दुरुस्ती नव्हे. हाताने हळूहळू वाकवत गेल्यास बारीक चिरा उघडतात, म्हणून होज सरळ ठेवून नव्हे तर वाकवून तपासावा. ऑक्सिजनचा निळा होज कधीही कॉम्प्रेसरला जोडू नये, कारण कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर येणारे तेल त्याच्या आत बसते.

टॉर्चचे वॉल्व्ह पूर्ण बंद करून, सेट दाबाखाली असताना, थंड नोझल स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवावे. बुडबुडे आले तर वॉल्व्हची बैठक धरत नाही. हा दोष क्षुल्लक समजू नये. ऑक्सिजनचा दाब एलपीजीपेक्षा जास्त असतो, आणि नोझल तुंबलेले असताना तो टॉर्चमधून उलटा एलपीजीच्या होजमध्ये शिरू शकतो. होजच्या आत तयार झालेले असे मिश्रण पुढच्या वेळी टॉर्च पेटवताना होज फाडते. आपल्या सेटवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी मागे जाऊ न देणारी साधने) नसतील तर या दुरुस्तीबरोबरच दोन्ही बाजूंना बसवून घ्यावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

एलपीजीची बाजूही याच वेळी तपासावी. तिच्या जोडांचे आटे उलटे असतात आणि नटवर खाचा असतात, त्यामुळे सोडवताना घोटाळा होऊ देऊ नये.

उत्तर ३ : कारखाना सुरक्षा

गळतीच्या हिशेबात पैसे सर्वांना दिसतात, हवेत काय बदलते ते दिसत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि २३.५ टक्क्यांच्या वर ती हवा धोकादायक मानली जाते. वर काढलेला १ घनमीटरचा अंदाज घेतला आणि सिलिंडर ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत आहे असे धरले, तर सकाळपर्यंत त्या खोलीत ऑक्सिजन २४ टक्क्यांच्या जवळ जातो. उघड्या शेडमध्ये तो पांगतो, पण कोपऱ्यात किंवा टाकीच्या आत काम चालले असेल तर तसे होत नाही. अशा हवेत सुती शर्टावर पडलेली ठिणगी विझत नाही, कापड भराभर पेट घेते. कपड्यांच्या धाग्यांत ऑक्सिजन काही काळ अडकून राहतो, म्हणून गळतीजवळ काम केलेल्या माणसाने निदान १५ मिनिटे मोकळ्या हवेत थांबल्याशिवाय विडी, ज्योत किंवा ग्राइंडरजवळ जाऊ नये. उकाड्यात अंगावर ऑक्सिजनचा झोत घेण्याची सवय काही ठिकाणी आजही आहे. आपल्या शेडमध्ये कोणी तसे करत असेल तर ते आजच बंद करावे.

दुरुस्तीची सीमा अशी समजावी : सिलिंडरच्या वॉल्व्हपुढचा जोड आपला, वॉल्व्ह आणि सिलिंडर पुरवठादाराचा. स्पिंडल, मान किंवा सुरक्षा डिस्क यांपैकी कोठूनही वायू येत असेल तर आपण पाना लावू नये. गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) ही संस्था करते, आणि वॉल्व्हवर तेल किंवा वंगण वापरण्यास या नियमांत मनाई आहे. कारागीर ऐकत नसतील तर त्यांना हेही सांगावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : कुपवाड फॅब्रिकेशन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेजची चाचणी घेतली. कामाच्या दाबाचा काटा स्थिर राहिला, सिलिंडरकडचा उतरत गेला. द्रावण लावल्यावर बुलनोजच्या नटभोवती भरपूर फेस आला. वायू सोडून जोड उघडला तेव्हा ओ-रिंगला एका बाजूने काप गेलेला होता. उत्पादकाचीच नवी रिंग आणून बसवली आणि तेथील फेस बंद झाला. मात्र काटा अजूनही अतिशय सावकाश उतरतो आणि सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा असताना चावीच्या स्पिंडलभोवती बारीक बुडबुडे दिसतात. वॉल्व्ह बंद केला की ते थांबतात. होज तारेने बांधलेले होते, ते बदलायला घेतले आहेत. स्पिंडलचा नट थोडा आवळला तर चालेल का?

उत्तर ४ : जुना मेंटेनन्स फिटर

आवळू नये. स्पिंडलभोवतीचे पॅकिंग वॉल्व्ह उघडा असतानाच सिलिंडरच्या दाबाखाली येते, म्हणून बंद केल्यावर गळती थांबते, आणि हीच आपल्या सोयीची बाजू आहे. वॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढावा, सिलिंडरवर टोपी चढवावी, आणि "स्पिंडलमधून गळती, वापरू नये" अशी चिठ्ठी बांधून तो मोकळ्या हवेत, सावलीत, एलपीजीपासून दूर, उभा साखळीने बांधून ठेवावा. पुरवठादाराला फोन करताना सिलिंडरवर कोरलेला क्रमांक सांगावा आणि वायू शिल्लक असूनही परत घेऊन बदलून देण्यास सांगावे. नवा सिलिंडर आला की रेग्युलेटर जोडून गेजची तीच चाचणी पुन्हा घ्यावी. काटा स्थिर राहिला तर दोष त्या वॉल्व्हमध्येच होता, आणि तरीही उतरला तर गेजच्या बुडाचा जोड द्रावणाने तपासावा. आता रोज संध्याकाळी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करून, होजमधील वायू सोडून, टी-स्क्रू सैल करूनच शेड बंद करावी. हे काम ठरावीक एका कारागिराकडे सोपवलेले बरे.