हायकोर्ट म्हणे मधलं स्टेशन!

बांधावरचा: 'नागमोडी' यांनी काल लिहिलं, "दिवाणी दावा जिल्ह्यातच संपवा. हायकोर्ट हे मधलं स्टेशन, गाडी उगाच थांबते." राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. 1976 च्या दुरुस्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच दुसरं अपील, म्हणजे जिल्ह्याच्या अपिली निकालावरचं हायकोर्टातलं अपील, टिकतं. साक्षीपुराव्याचं भांडण जिल्ह्यातच मिटतं. अजून काय बंद करायचंय? मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा देणारे कायदे दोन, राज्याचा 1994 चा आणि केंद्राचा 2005 चा. आमच्या आत्याचं लग्न 1994 च्या आधीचं, आजोबा 2005 च्या आधी गेले. 2017 ला जिल्हा न्यायालय म्हणालं, भावांच्या बरोबरीचा हिस्सा नाही, आजोबांच्या वाट्यातला तुकडा घ्या. दुसऱ्या अपिलात बरोबरीचा मिळाला.

नागमोडी: कधी?

बांधावरचा: 2021.

नागमोडी: म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालानंतर! तो ऑगस्ट 2020 चा, वडील 2005 च्या आधी गेले असले तरी मुलीला बरोबरीचा हिस्सा देणारा. त्याआधीच्या, वडील 2005 ला हयात हवेत म्हणणाऱ्या 2015 च्या फुलवती निकालाप्रमाणे तुमचं जिल्हा न्यायालय बरोबरच होतं. अपील वेळेवर चाललं असतं तर आत्या हरली असती. उशीर झाला म्हणून जिंकलात आणि हार मधल्या स्टेशनाला घालताय.

काळा कोट: अहो, अपील चालू होतं म्हणूनच नवा निकाल लागू झाला. 2017 लाच हुकूमनामा कायम झाला असता तर? आत्या घटनेच्या कलम 136 खाली सुप्रीम कोर्टाची खास परवानगी मागायला थेट दिल्लीला गेली असती? तिथल्या फीचा आकडा ऐकूनच परतली असती.

सोलापूरकर: फीचं सोडा, प्रवासाचं बोला. पूर्वी रात्री सिद्धेश्वरला झोपलो की सकाळी सीएसएमटी, तिथून हायकोर्ट चालत. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं बेंच कोल्हापूरला, आमचं सगळं तिकडे.

रंकाळा: 6 जिल्ह्यांसाठीच्या या बेंचसाठी 40 वर्षं भांडलोय आम्ही. सावंतवाडीच्या म्हाताऱ्याला मुंबई जवळ होती काय?

सोलापूरकर: त्याचं त्याला. आम्हाला पुणं चाललं असतं.

पेठेतला: पुण्याचे दावे अजून मुंबईलाच जातात, हे कुणाला दिसतच नाही.

रंकाळा: पुण्याला सगळंच दारात हवं!

पेठेतला: बोर्डावर नंबर पुकारला जातोय आणि आपण खंडाळ्याच्या घाटात अडकलोय, हे एकदा भोगा. मग बोला.

बांधावरचा: मंडळी, विषय दुसऱ्या अपिलाचा होता.

नागमोडी: बरं, आत्यापुरतं मान्य. पण अशी आत्या एखादीच, आणि स्टे घेऊन बसलेले चुलते गावोगाव. माझाच चुलता 11 वर्षं स्टेवर ऊस काढतोय.

बांधावरचा: हां! चुलत्याचा राग होता होय. आधीच सांगायचं.

सोलापूरकर: अपील कोल्हापूरला आहे का? परवा निघतोय. एसटीत तुमची जागा धरतो.