मदत हवी आहे: पहिलटकरीण 19 वर्षांची, एचबी (हिमोग्लोबिन) 8.2, नाळेचं रक्त साठवायचं का?

धारूरची आशा:
मी आशा कार्यकर्ती. हिला गरोदरपणाचा तिसावा आठवडा चालू आहे. घरचे ऊसतोडीला जाणारे. एका खासगी बँकेचा माणूस सांगून गेला, नाळेचं रक्त ठेवा, पुढं बाळाचे सगळे आजार बरे होतील. सासरे उचलीतून (मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेतून) पैसे भरायला निघालेत. बाळंतपण अंबाजोगाईला स्वाराती सरकारी रुग्णालयात ठरलंय. काय सांगू?

रक्तपेढी तंत्रज्ञ:
ताई, भरू देऊ नका. नाळेच्या रक्तात मूळ पेशी (ज्यांपासून रक्ताच्या नव्या पेशी बनतात) असतात, हे खरं. 1988 मध्ये पॅरिसला त्या पेशींचं पहिलं प्रत्यारोपण झालं, पण ते रक्त रुग्ण मुलाच्या बहिणीच्या नाळेतलं होतं. थॅलेसेमिया, सिकलसेल या जन्मजात रक्तविकारांचा दोष बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही असतोच, मग तेच रक्त त्याला देऊन काय उपयोग? शिवाय रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण 2.5 कोटी पेशी लागतात. नाळेच्या रक्ताची एक पिशवी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाही. आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषदही अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरात आधीचं थॅलेसेमियाचं मूल असेल तरच रक्तविकार तज्ज्ञांना विचारा.

लेबर रूम सिस्टर:
ते रक्त बाळालाच जाऊ द्या. बाळ रडलं, श्वास नीट असला की नाळेला चिमटा लावायला 1 ते 3 मिनिटं थांबायचं. आईचं रक्त कमी असलं की बाळाचा लोहसाठाही तोकडा असतो, म्हणून इथं ही मिनिटं फार मोलाची. पिशवी भरायची म्हटलं की चिमटा लवकर लावायची घाई होते. आत्ताच माता-बाल कार्डावर लिहून घ्या. बाळाला श्वास द्यावा लागला तर मात्र थांबत नाहीत.

आणि 8.2 वर गप्प बसू नका. लोहाची लाल गोळी रोज दोन, महिन्यानं पुन्हा एचबी. 1 ग्रॅमनंही वाढलं नाही तर वरच्या दवाखान्यात पाठवा. दिवस थोडे राहिलेत, शिरेतून लोह द्यायचं का हे डॉक्टरांना आत्ताच विचारा.

धारूरची आशा:
गोळीनं मळमळतं म्हणते. चहासोबत घेते.

लेबर रूम सिस्टर:
चहानंच गोळी वाया जाते. जेवणानंतर तासाभरानं, लिंबूपाण्यासोबत द्या. कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडतात, हे सासूबाईंनाही सांगा. टोळीसोबत कारखान्यावर जाणार असतील तर गोळ्या पुरतील इतक्या आधीच द्या, कार्ड तिच्याजवळच राहू द्या.