घरावर जप्तीची नोटीस आणि वकिलाची शोधाशोध : तुमचे अनुभव

रानजाई
काल आमच्या सोसायटीत एका दारावर बँकेची ताब्याची नोटीस चिकटवलेली पाहिली आणि २०१७ सालचं आमचं साताऱ्याचं दार आठवलं. आईने ओल्या फडक्याने कागद खरवडून काढला होता, पण डिंकाचा चौकोन राहिलाच. पुढे दोनदा रंग दिला तरी उन्हात तो दिसतो. दोन पेपरांत बाबांचं नाव छापून आलं तेव्हापासून ते केस कापायलाही बाहेर पडेनात.

त्याआधीची, थकलेलं कर्ज ६० दिवसांत भरा अशी नोटीस रजिस्टरने आली होती, ती त्यांनी गणपतीच्या फोटोमागे ठेवून दिलेली. आम्हाला पत्ता नाही. मग धावाधाव. बाबांचे मित्र असलेले वकीलकाका जमिनीच्या वाटपाच्या केसेस करायचे. माणूस सोन्यासारखा, एक रुपया घेतला नाही. पण त्यांनी दिवाणी कोर्टात मनाई मागितली. सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण घराचा ताबा घेऊ देणारा कायदा. त्याच्या कामात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, कलम ३४. हे आम्हाला तिथल्या एका कारकुनाने सांगितलं, तोवर ३१ दिवस गेले होते. ताब्याच्या नोटिशीपासून ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जावं लागतं.

मी पुण्याच्या डीआरटीत जाऊन सकाळपासून नुसती बसले. कर्जदारांच्या बाजूने कोण उभं राहतं ते बघत. तिसऱ्या दिवशी एका बाईंना गाठलं. त्यांनी ना कर्ज किती विचारलं ना फी सांगितली. "नोटिशीवरची तारीख काय?" एवढंच. आणि माझ्याच पाकिटावर पेनाने दिवस मोजले. ४२व्या दिवशी अर्ज दाखल झाला. पुढे बँकेशी तडजोड झाली, घर राहिलं.

तुम्हाला वकील कसा मिळाला? लिहा. कुणाचे तरी दिवस वाचतील.

सायली_क
पोटात गोळा आला गं वाचून. काका कसे आहेत आता?

रानजाई
बरे आहेत सायली. रोज फिरायला जातात.

वऱ्हाडी_दादा
नागपूर. आमचा वकील चांगला होता, ऑफिस जवळ, बोलणं गोड. दुसऱ्या तारखेला कळलं की तो त्याच बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे बँकेच्याच ठरलेल्या वकिलांत आहे. कागद सगळे त्याच्याकडे. परत मिळवायला दीड महिना. पहिला प्रश्न हाच विचारा, बँकेच्या पॅनेलवर आहात का. लाजू नका.

भिमाशंकर७
आमचं पतसंस्थेचं होतं, त्यात डीआरटी नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. सहायक निबंधकाकडे सुनावणी असते, तिथे आम्ही गेलोच नाही, वाटलं नुसतं पत्र आहे. गेला असाल तर म्हणणं मांडता येतं. सहकारातलं काम करणारा वकील वेगळा असतो बरं, तो तिथेच निबंधक ऑफिसच्या आवारात सापडतो

कृष्णाकाठ
रानजाई, सातारा म्हणजे कुठे? आम्ही शाहूपुरीत होतो १२ वर्षं.

रानजाई
अगं शाहूपुरीच! पाण्याच्या टाकीच्या मागे.

कृष्णाकाठ
काय सांगतेस! मग आई तुझ्या आईला नक्की ओळखत असणार. विचारते आज.

निवृत्त_बँकवाला
३० वर्षं कर्ज खात्यात होतो म्हणून लिहितो. ६० दिवसांच्या नोटिशीवर थेट डीआरटीत जाता येत नाही, पण लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ही हरकत वकिलाकडून लिहून घ्या. आकड्यातली चूक, भरलेले हप्ते न दाखवणं, सगळं तिथेच येतं. टपाल नाकारू नका, नाकारलेलं टपालही मिळालं असंच धरतात. आणि लिलावाची जाहिरात निघाली की पैसे भरून घर सोडवायचा हक्क संपतो, २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे फार कडक झालंय. माझ्या टेबलासमोर रडलेली माणसं अजून आठवतात. बहुतेकांना दोन महिने आधी कुणी सांगायला हवं होतं.

मंगल_प
भात लावलाय, पटकन लिहिते. मिस्टर गेले तेव्हा कर्ज माझ्या नावावर आलं, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे मला भाजीवालीने सांगितलं. १५१०० वर फोन करता येतो. वकील मिळाली ती पोरगी वयाने माझ्या मुलीएवढी, पण प्रत्येक तारखेला माझ्या आधी हजर.

तुषार_न
"स्टे शंभर टक्के आणतो, वाचलेल्या रकमेचे दहा टक्के द्या" म्हणणारा भेटला होता. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मागितली तर उठून गेला. खरा वकील निकालावर टक्केवारी ठरवूच शकत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे.

सायली_क
मंगलताई, तुम्हाला मिठी. भात करपला नाही ना?

मंगल_प
थोडा लागला 🙂

ओसरी
शेतजमिनीवर पण हे लागू होतं का? भावाचं विचारतेय.

निवृत्त_बँकवाला
शेतजमीन सरफेसीतून वगळली आहे, ताई. पण बँक दुसऱ्या मार्गाने वसुली करू शकते. सातबारा घेऊन दाखवा कुणाला तरी.

एकटा_जीव
आमच्याकडे मंगळवारी चिकटवून गेले. आजचा सहावा दिवस. घरात कुणी बोलत नाहीये. पुण्यातच आहे. मला कुठून सुरू करायचं तेच कळत नाही.

रानजाई
दादा, पाकीट फेकलंय का? नसेल तर दोन्ही नोटिशींचे आणि पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याचे फोटो काढा. दाराचाही काढा. कर्जाचा करार आणि खात्याचा उतारा एका पिशवीत घाला. तुमचे ३९ दिवस आहेत, खूप आहेत. त्या बाई अजून काम करतात, मी आत्ता फोन करते. व्यक्तिगत निरोप बघा.

एकटा_जीव
पाकीट आहे. बायकोने जपून ठेवलं होतं.