'कणवेगवर्धक', 'त्वरक' की कोलायडर?

प्रश्न – धरमपेठ
नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांशी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर'बद्दल, म्हणजे कणांना प्रचंड ऊर्जा देऊन त्यांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राबद्दल बोलायचं आहे. विश्वकोशात 'कणवेगवर्धक' आहे, इतरत्र 'कण त्वरक' वाचलं. २००८ साली यंत्र सुरू झालं तेव्हा वाहिन्यांवर 'महामशीन' चालायचं, तेही इथं अजून कोणाकोणाच्या तोंडी आहे. मुलांपुढे कोणता शब्द ठेवू?

प्रतिसाद – महाल
ताई, 'त्वरक' घ्या. गतीच्या धड्यात मुलं चाल, वेग आणि त्वरण हे तिन्ही शब्द शिकलेली असतात, त्यामुळे 'त्वरक' त्यांना परका वाटणार नाही. शिवाय या यंत्राच्या बाबतीत 'वेगवर्धक' हा शब्द मुलांची चुकीची समजूत करून देतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. २७ किलोमीटरच्या त्या वर्तुळाकार बोगद्यात प्रोटॉन शिरतो तेव्हाच तो प्रकाशापेक्षा सेकंदाला जेमतेम ६५० मीटरने मागे असतो. पूर्ण ऊर्जा मिळाल्यावर हा फरक ३ मीटरच्याही आत येतो. म्हणजे वेगात भर पडली ती सेकंदाला साडेसहाशे मीटरची, ३ लाख किलोमीटरांपुढे नगण्यच. ऊर्जा मात्र ४५० गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ६,८०० वर जाते, पंधरापट! वाढते ती ऊर्जा, आणि 'वेगवर्धक' म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं.

त्वरणाचं तसं नाही. नुसती दिशा बदलली तरी ते त्वरणच. या बोगद्यात कणांना सतत वळवत ठेवायला १,२३२ मोठे चुंबक आहेत, उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलेले. वेग जवळपास तोच राहिला तरी त्वरण क्षणभरही थांबत नाही. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते आणि मुलांनाही ती जरूर सांगावी.

प्रतिसाद – सक्करदरा
दादांचं पटलं, पण 'वेगवर्धक' अगदीच टाकाऊ नाही. मोठ्या वर्तुळाआधी लहान यंत्रांची साखळी आहे. तिच्यातल्या पहिल्या सरळ यंत्रातून बाहेर पडणारे कण प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावत असतात. तिथं वेग खरोखरच वाढतो. विश्वकोशाचा शब्द एकूण यंत्रप्रकाराला धरून आहे, तो चूक म्हणू नये.

प्रतिसाद – महाल
मान्य. साखळीच्या सुरुवातीला 'वेगवर्धक' चालेल.

प्रतिसाद – मानेवाडा
'कोलायडर'चं काय करता जी? 'आघातक' वाचलं आहे, पण मला ते खटकते. आघात एकीकडून होतो, हातोडा खिळ्यावर पडतो तसा. इथं तर दोन झोत समोरासमोरून येतात. ती टक्कर झाली. मी 'टक्करयंत्र' म्हणीन, नाहीतर सरळ कोलायडर. आणि 'महाकाय हॅड्रॉन आघातक' असं लिहिलं तर मुलं हॅड्रॉनलाच, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणालाच, महाकाय समजतील. मोठं आहे ते यंत्र. 'हॅड्रॉनांचं महाकाय टक्करयंत्र' असं लिहा, घोळ होणार नाही.

प्रतिसाद – महाल
काका, आघात आणि टक्कर यांतला फरक भौतिकीतही तितकाच मोठा आहे. ६,८०० गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन स्थिर प्रोटॉनवर आपटवला, तर नवा कण घडवायला फक्त सुमारे ११३ हाती लागतात. बाकीची ऊर्जा सगळं पुढे ढकलण्यात जाते. तेच दोन झोत समोरासमोर आले की दोन्हींची मिळून १३,६०० ऊर्जा त्या टकरीत असते. या यंत्रात सापडलेल्या हिग्ज बोसॉन या कणाचं वस्तुमान याच मापात १२५ आहे. नुसत्या आघातातून तो निघालाच नसता, त्याला टक्करच हवी होती. तेव्हा 'आघातक' बादच करा, 'टक्करयंत्र' उत्तम.

प्रतिसाद – सीताबर्डी
एक विनंती, हिग्ज बोसॉनला 'देवकण' म्हणणं टाळा. तो शब्द भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३च्या पुस्तकाच्या शीर्षकातून पसरला आणि अनेक भौतिकशास्त्रज्ञांना तो नकोसा वाटतो. प्रयोगशाळेच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे. भारत सरकारने ती २००४ मध्ये भेट दिली. मूर्ती आणि 'देवकण' एकत्र जोडून भलत्याच कथा फिरतात. 'हिग्ज बोसॉन' म्हटलं की त्यात सत्येंद्रनाथ बोस यांचं नाव आपोआप येतं. ४ जुलै २०१२ ला हा कण सापडल्याचं जाहीर झालं, त्या दिवसाबद्दल सांगताना बोसांबद्दलही सांगा.

प्रतिसाद – धरमपेठ
सगळ्यांचे आभार. फलकावर 'त्वरक' आणि 'टक्करयंत्र' लिहिते, बोलताना कोलायडर म्हणेन. 'रेखीय त्वरक'ही सांगू का?

प्रतिसाद – सक्करदरा
जरूर सांगा. कॅन्सरच्या दवाखान्यात ज्याला 'लिनॅक' म्हणतात, तो रेखीय त्वरकच. त्यात इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देऊन ते टंगस्टनवर आदळवतात आणि निघालेले क्ष-किरण गाठीवर सोडतात. ही मशीन नागपुरात आहे. रुग्ण आणि घरचे तिला 'लाइट' म्हणतात, 'आईला लाइट चालू आहे' असं. मुलांपैकी कोणाच्या घरी हा शब्द ऐकू येत असेल, तर त्वरक म्हणजे काय ते त्याला लगेच कळेल. फक्त वर्गात कोणाला घरचं विचारू नका, त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.