भाव, दर, किंमत, मूल्य, मोल : सगळीकडे ‘किंमत’च का चिकटवताय?

खाडाखोड :
मोबाईलवरचं कुठलंही ॲप मराठीत आलं की त्यात एकच शब्द दिसतो, किंमत. सोन्याची किंमत, कापसाची किंमत, शेअरची किंमत, परवा तर एका ठिकाणी डॉक्टरच्या तपासणीची किंमत वाचली. अहो तपासणीची फी असते, घराचं भाडं असतं, गवयाला बिदागी देतात आणि व्याख्यात्याला मानधन, हे पोराटोरांना पण कळतं. पण तो विषय बाजूला ठेवू, मला बोलायचंय ते खरेदीविक्रीच्या पाच शब्दांबद्दल, जे एकमेकांच्या जागी बसत नाहीत असं माझं ठाम मत आहे.

भाव बाजारात ठरतो, तो वधारतो, गडगडतो, आणि तो मालाच्या जातीचा असतो, तुमच्या हातातल्या एका नगाचा नाही. दर म्हणजे कशामागे तरी किती, क्विंटलमागे, लिटरमागे, चौरस फुटामागे. किंमत त्या समोरच्या वस्तूची, जी खिशातून काढून द्यायची. मूल्य हिशेबात धरलेलं किंवा आकारलेलं, म्हणून मूल्यांकन आणि मूल्यवर्धित कर. मोलाबद्दल नंतर लिहितो.

पटत नसेल तर क्रियापदं लावून बघा. भाव फुटतो, पडतो, मिळतो. दर आकारतात. किंमत मोजतात, छापतात. आता ‘भाव मोजला’ किंवा ‘किंमत फुटली’ म्हणून बघा जमतंय का. हे पाच शब्द आपल्याकडे तयार असताना भाषांतर करणाऱ्यांनी एकाच शब्दाचा रबरी शिक्का मारत सुटायचं, याचा मला मनापासून राग येतो.

निळीशाई :
राग समजू शकते पण मुद्दा अजिबात पटला नाही. तुम्ही शब्दांना खोल्या वाटून देताय आणि लोक मात्र सगळ्या घरभर फिरतायत. एकाच पेपरात एका पानावर ‘सोन्याचा भाव’ आणि दुसऱ्या पानावर ‘सोन्याचा दर’ असतं, कुणाचंही काही अडत नाही.

आणि बाजार समितीचा तक्ता उघडा. वर शीर्षक काय तर ‘बाजारभाव’. खाली रकाने बघा, शेतमाल, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. म्हणजे वर भाव आणि खाली दर, एकाच मालाचा, एकाच दिवसाचा, एकाच लिलावातला. मग तुमची भिंत नेमकी आहे कुठे?

खाडाखोड :
तो तक्ता माझ्याच बाजूने बोलतोय. बाजारात आज काय घडलं ते शीर्षक सांगतं, तो भाव. रकान्यात आकडा लिहायचा तर तो कशामागे हे सांगावं लागतं, म्हणून शेजारी परिमाणाचा रकाना आहे आणि म्हणूनच तिथे दर. जन्मदर, मृत्युदर, व्याजदर, विनिमय दर हे शब्द बघा. जन्मदरात पैशाचा संबंधच नाही, तरी दर आहे, कारण दर हजारी मोजतात. ‘जन्मभाव’ कुणी म्हणतं का?

शेतबांध :
दोघांचं वाचलं. मी माल विकणारा माणूस आहे, आमच्याकडे हे शब्द पुस्तकातून आलेले नाहीत.

दूध डेअरीला घालतो तेव्हा आम्ही दूधदर म्हणतो. कारण तिथे बोली नसते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती लागलं ते मशिनवर बघायचं आणि दरपत्रकात त्या ओळीसमोर जे असेल ते घ्यायचं. उसाचं तसंच, ऊसदर. 2009 पासून एफआरपी (कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर) आली, त्याच्या आधी एसएमपी (वैधानिक किमान किंमत) होती, दोन्ही उताऱ्याला, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याला बांधलेल्या. उसाचा लिलाव होत नाही, कारखाना घेतो. म्हणून आंदोलन पण ऊसदराचं. कापूस, कांदा, तूर यांना मात्र भाव, कारण समोर चार व्यापारी उभे असतात आणि आकडा तिथल्या तिथे तोंडाने ठरतो. इथपर्यंत खाडाखोड यांचं बरोबर.

पण मग हमीभावाचं काय करणार? तो लिलावात ठरत नाही, दिल्लीत ठरतो. सरकारी नाव किमान आधारभूत किंमत. शिफारस करणाऱ्या आयोगाच्या नावात पण किंमतच आहे, 1965 ला तो कृषी किंमत आयोग म्हणून निघाला आणि 1985 ला त्याला ‘खर्च’ जोडून कृषी खर्च व किंमत आयोग झाला. तुमच्या नियमाने हमीदर म्हणायला पाहिजे. पण आम्ही हमीभावच म्हणतो आणि तोच शब्द सगळ्यांनी उचलला, कारण आमचं भांडण बाजारातल्या भावाशी आहे. बाजारात मिळतो तो एक भाव, आणि ह्याच्या खाली जाणार नाही अशी हमी असलेला दुसरा भाव. नियम मोडूनसुद्धा शब्द बरोबर बसलाय.

निळीशाई :
शेतबांध, हेच तर मी म्हणतेय! लोक नियम बघून शब्द निवडत नाहीत, गरज बघून निवडतात. आणि अजून एक, किंमत हा शब्द मुळात अरबीतून फारसीमार्गे आलेला. त्याने इथे येऊन मोलाची जागा घेतली. मोल तरी काय, संस्कृत मूल्याचंच झिजलेलं रूप, म्हणजे खाडाखोड यांचे दोन शब्द मुळात एकच आहेत. एका परक्या शब्दाने घरातल्याला हलवलं आणि आज तुम्ही त्याच्यासाठी कोपरा राखून ठेवताय. उद्या त्याने आणखी दोघांची जागा घेतली तर भाषा मरत नाही, ती आजवर अशीच चालत आलीय. एकवीस-बावीस वर्षांची पोरं तर सरळ ‘रेट काय’ विचारतात आणि त्या एका शब्दात तुमचे तीन शब्द मावतात.

कलमबहाद्दर :
वकिलीच्या बाजूने एवढंच सांगतो. माल विक्रीच्या 1930 च्या कायद्यात ‘प्राइस’ची व्याख्या आहे, माल विकल्याबद्दल पैशाच्या रूपातला मोबदला. त्या जागी मराठीत किंमतच चालते, भाव चालत नाही. करारात ‘बाजारभावाने’ लिहिलं तर ती किंमत ठरवायची रीत झाली, किंमत नव्हे. कलम 9 प्रमाणे किंमत करारात ठरवता येते किंवा ती कशी ठरवायची ते ठरवता येतं, आणि काहीच ठरलं नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यायची. तेव्हा निळीशाई, रेट म्हणा की काही म्हणा, कागदावर सही करताना हा फरक पैशात दिसतो. पावतीत ‘ठरलेल्या दराने’ लिहून परिमाण न लिहिल्यामुळे लोक भांडत बसलेले मी बघितलेत.

चौकट :
शेअरवाल्यांकडे तर मूल्य, भाव आणि किंमत हे तीन शब्द वेगळे ठेवावेच लागतात. समजा एका शेअरचं दर्शनी मूल्य, म्हणजे कंपनीने कागदोपत्री ठरवलेला आकडा, 10 रुपये आहे. कंपनीने ते 2 रुपये केलं. आता एकाचे पाच शेअर झाले, बाजारातला भाव साधारण पाचव्या हिश्श्यावर आला, आणि तुमच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत जवळपास होती तेवढीच. मूल्य बदललं, भाव बदलला, किंमत जागेवर. आता हेच वाक्य तिन्ही ठिकाणी ‘किंमत’ घालून वाचा. नवीन माणूस सकाळी ॲप उघडतो, ‘किंमत 80 टक्के घसरली’ वाचतो आणि घाबरून विकून टाकतो. ह्याला मी भाषेची हौस म्हणणार नाही, हे नुकसान आहे.

हातमाग :
मोलाबद्दल खाडाखोड नंतर लिहिणार होते, मीच लिहिते कारण मला ते जास्त लागतं. मोल हा शब्द आता दोनच टोकांना उरलाय. एका टोकाला मोलमजुरी, म्हणजे अंगमेहनत विकणं, मोलकरीण पण त्यातलीच. दुसऱ्या टोकाला अनमोल, मोलाचा सल्ला, लाखमोलाचं माणूस. मधली सगळी जागा किंमतीने घेतली. आणि माल वाया गेला की पुन्हा मोलच आठवतं, कवडीमोल, मातीमोल. शेतबांध यांना विचारा, ‘मातीमोल भावाने विकला’ म्हणताना दोन्ही शब्द एका दमात येतात आणि एकही जास्तीचा वाटत नाही. निळीशाई, तुमची ‘रेट’वाली पोरं हे वाक्य कसं म्हणणार?

जाता जाता, जाहिरातीत ‘मोलभाव करा’ असतं ते हिंदी आहे. आपण घासाघीस करतो.

निळीशाई :
मातीमोल भाव मान्य, सुंदर आहे, कुणी काढून घेत नाहीये. चौकट यांचं उदाहरण पण मान्य, तिथे फरक ठेवलाच पाहिजे. पण ती त्या धंद्याची गरज आहे. चप्पल घेताना ‘काय भाव’ म्हटलं, ‘काय किंमत’ म्हटलं किंवा ‘कितीला दिली’ म्हटलं तरी दुकानदार एकच आकडा सांगतो. जिथे चुकीने नुकसान होतं तिथे काटेकोर राहा, बाकी ठिकाणी माणसांना मोकळं बोलू द्या, माझं म्हणणं तेवढंच.

खाडाखोड :
बोलणाऱ्यांना मी अडवतच नाहीये हो, माझा राग लिहून छापणाऱ्यांवर आहे. बोलताना समोर माणूस असतो, कळलं नाही तर विचारता येतं. स्क्रीनवर कुणाला विचारणार?

शेतबांध :
स्क्रीनचंच सांगतो मग. बातमी येते, ‘कांद्याला अमुक भाव’. तो जास्तीत जास्त दर असतो, एखाद्या वक्कलला, म्हणजे लिलावातल्या एका ढिगाला मिळालेला. बाकीच्या ट्रॅक्टरांचा माल सर्वसाधारण दराच्या आसपास जातो. माणूस आकडा वाचून गाडी भरतो, भाडं अंगावर घेतो आणि तिथे गेल्यावर त्याला कळतं. ॲपवर तर ‘किंमत’ एवढंच, कमीत कमी की जास्तीत जास्त ते नाही, क्विंटल की किलो ते पण नाही. तुम्ही भाव लिहा नाहीतर किंमत लिहा, आधी ते तीन रकाने आणि परिमाण जसंच्या तसं टाका. ते ज्याने गाळलं त्याला मराठी येत होतं की नाही हा पुढचा प्रश्न, त्याला बाजार माहीत नव्हता एवढं मी खात्रीने सांगतो.