मदत हवी आहे : तालमीत वाढलेल्या ड्वार्फची पूर्वकथा
नमस्कार. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात रोलप्लेसाठी (म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून बोलण्या-वागण्यासाठी) राखलेल्या सर्व्हरवर मी आयर्नफोर्ज या ड्वार्फांच्या, म्हणजे बुटक्या पण दणकट लोकांच्या, नगरीतला एक ड्वार्फ योद्धा घडवत असून, त्याचा स्वभाव कोल्हापुरातील आमच्या पेठेतल्या तालमीत, लाल मातीत आणि वस्तादांच्या धाकात वाढलेल्या मल्लासारखा असावा, अशी माझी इच्छा आहे. मर्दानी खेळातला दांडपट्टा त्याला शोभला असता; पण हाती कुऱ्हाडच दिली. अडचण पूर्वकथेची आहे. वस्तादांशी बेबनाव होऊन तो तालीम सोडतो, एवढे सुचले. परंतु तो कशापायी दुखावला आणि अनोळखी खेळाडूंशी बोलताना हे हळूहळू कसे उलगडावे, ते उमगत नाही. (पहिल्याच भेटीत मी त्याचे सगळे आयुष्य सांगून टाकले होते.) त्याच्यात कोणती उणीव ठेवावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.